जसितारातले इंग्रज

सांतो इसीद्रो, १२ जून

ओझियेल,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आई गेली तेव्हा मी नुसता निरोप पाठवला होता, पत्र लिहिलं नव्हतं, ते माझं चुकलं. पण आज त्यासाठी लिहीत नाहीये. माझं तुझ्याकडे काम आहे. काम पडलं की ताईला भाऊ आठवतो, असं तू म्हणशीलच, तर म्हणून घे.

आदामोर त्याच्या बोटीचं इंजिन घेऊन मानाउसला तुमच्याच कारखान्यात येतो म्हणे. त्याच्याच हाती हे पत्र देते आहे. तू आता इंजिनं दुरुस्त करतोस आणि जाड झालास, एवढं त्याने सांगितलं. बाकी तो काही सांगत नाही, मेला भारी आतल्या गाठीचा आहे.

मी अजून माकडं मोजते. पाणी चढलं की सकाळी सहाला होडी काढायची, ठरलेल्या रेषेवरून वल्हं न वाजवता जायचं, मान वर ठेवायची, दिसेल ते वहीत लिहायचं. यंदा पाणी इतकं आहे की खोडांवर ठोकलेले आमचे पत्र्याचे नंबर दोन पुरुष खाली गेलेत. मी शेंड्यांवरून वाट ओळखते. वाट चुकत नाही. पण जसिताराच्या राखीव रानात गेली दोन वर्षं एकही इंग्रज दिसलेला नाही आणि यंदाचं हे तिसरं.

आमच्या मोजणीच्या प्रकल्पावर एलोईझा म्हणून एक दक्षिणेकडची मुलगी आली आहे. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, जसितारात पूर्वी इंग्रजांचा मोठा कळप असायचा. ती म्हणाली, ‘ते इथे कशाला यायचे?’ मी म्हटलं, अगं, माकडं. तांबडंलाल बोडकं तोंड, अंगावर पांढऱ्या झिपऱ्या, शेपूट कापल्यासारखं आखूड. आजोबांच्या वेळी रबर न्यायला तसेच लालबुंद साहेब यायचे, म्हणून नाव पडलं. ती इतकी हसली की होडी कलली. मुलगी चांगली आहे. प्रश्न फार विचारते, ते मला आवडतं.

आता मुद्द्याचं. सलग तीन वर्षं शून्य आलं तर तो भाग राखीव राहत नाही, हा नियम आपल्याच सभेने केलेला. सभा डिसेंबरात आहे. सिल्वेरियो काकांची जसितारातल्या झाडांवर आधीपासूनच नजर आहे. तरंगत्या घरांखाली घालायला आसाकूच्या झाडाचे ओंडके लागतात, जुने कुजलेत, तेही खोटं नाही. काका म्हणतात, ‘ज्यांच्यासाठी राखलं तेच राहिले नाहीत, मग रिकाम्या घराला कुलूप कशाला?’ 

पण मला ते पटत नाही. इंग्रज मेले असते तर कुठेतरी कळलं असतं. चाळीस-पन्नासांचा कळप हवेत विरत नाही. जसितारा तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही, ते तू कसं शिकलास हा विषय आज नको. मला एवढंच सांग, ते जातात कुठे?

मी तेव्हा माझं काम केलं, हे तूही मनात मानत असशील.

वाल्देनीरा


२५ जुलै

ओझियेल,

तुझं उत्तर पोचलं. उत्तर कसलं, बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर तीन शब्द. ‘तुम्ही वर बघता.’ अरे, माकडं मोजायची तर वर बघू नको तर काय करू, पाण्यात बघू? अकरा वर्षांत एवढं तरी शिकायचंस की माणसाने पूर्ण वाक्य बोलावं.

चार दिवस मी चिडून होते. पाचव्या दिवशी तो कागद एलोईझाला दाखवला. ती हसली नाही. तिने तो वहीत उतरवून घेतला आणि पुढे एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं. मग दोघी मिळून पुन्हा जसितारात गेलो. मी खरंच खाली बघितलं. खाली आठ हात काळं पाणी आणि त्यात एक तांबाकी मासा पडलेलं फळ खात होता. मी म्हटलं, घ्या, हा एक खाली सापडला. एलोईझा म्हणाली, ‘वाल्देनीराताई, तुमचा भाऊ गंमत करणाऱ्यातला आहे का?’ मी सांगितलं, लहानपणी होता.

जुसाराने कागद वाचला. चौदा वर्षांची झाली, तुला ओळखू येणार नाही. मला विचारते, ‘मामाला माझ्यावर राग आहे का?’ मी म्हटलं, तुझ्यावर कशाला असेल? तर म्हणाली, ‘मग तुझ्यावर आहे.’ कार्टी फटकळ आहे. शाळेच्या बोटीवर सगळ्यात मोठ्याने गाते, छाती अशी ठणठणीत आहे की पलीकडच्या काठावर ऐकू जातं. तो खोकला तिला परत कधी झाला नाही.

पाणी उतरायला लागलंय. खांबावर चिखलाची रेघ दिसते, दर सकाळी चार बोटं खाली. मी अजून विचार करतेय.

वाल्देनीरा


१८ सप्टेंबर

ओझियेल,

बूट मिळाले. आदामोरने नुसते हातात दिले आणि म्हणाला, ‘तुझ्या भावाने दिलेत, पुढचं काही विचारू नको.’ रबरी, गुडघ्यापर्यंतचे, माझ्याच मापाचे. माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे हे आईनंतर फक्त तुला माहीत होतं, आणि तू दोन वेगवेगळ्या मापांचे पाठवलेस. मी ते घेऊन पायऱ्यांवर बसले आणि चांगली रडले. जुसाराने बघितलं. तिला मी सांगितलं, नव्या रबराचा वास डोळ्यांत गेला.

आणि त्या बुटांनीच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होडीत बसणारीला गुडघ्यापर्यंतचे बूट कशाला? काखेत कळसा नि गावाला वळसा.

आम्ही माकडं मोजतो ती फक्त पाणी चढल्यावर, होडीने. पाणी उतरलं की अख्खं गाव माशांचं होतं. आधी तळ्यांवर पिरारुकू मोजायचे, मग ते धरायचे, मग खारवायचे. ऑगस्ट ते नोव्हेंबर म्हातारीकोतारीसुद्धा तळ्यावर. त्या दिवसांत जसितारात पाय ठेवणारं माणूस नाही. जायचं तरी कशाला? वर्षातले सहा महिने पाण्याखाली असणाऱ्या रानात जमिनीवर शिकार ती कसली मिळणार? आमची एकही वही असं म्हणत नाही की तिथे इंग्रज नाहीत. ती म्हणते, पाणी चढलेलं असताना नाहीत. एवढी साधी गोष्ट एवढ्या शहाण्या माणसांना कळली नाही.

तुला कशी कळली तेही आठवलं. नदीकाठी जन्मून तुला माशाचा वास सहन होत नव्हता. पिरारुकू मोजायची वेळ आली की तुझ्या पोटात दुखायचं. आई म्हणायची, या पोराला माशाने नाही, आळसाने घेरलंय. आणि तू पोट धरून घरात पडायचास, आम्ही दिसेनासे झालो की रानात पळायचास. चिखलाने भरून यायचास आणि म्हणायचास, पाय धरत होते म्हणून फिरून आलो.

आता एक गोष्ट लिहिते. मागच्या पत्रांत मी नाकाने कांदे सोलले. ‘माझं काम केलं’ असं लिहिलं. खरं काय ते तुला माहीत आहे, पण मी ते कधी तोंडाने बोललेली नाही, कागदावर तरी बोलू दे.

जुसारा तीन वर्षांची होती. डांग्या खोकल्याने निळी पडायची. झुमिरा आजी म्हणाली, गुआरिबा माकडाच्या गळ्यात वाटीसारखं हाड असतं, ज्याने ते अर्ध्या रानाला ऐकू जाईल असं ओरडतं. त्या वाटीतून पाणी पाज, खोकला उतरेल. पाणी वाढलेलं, दवाखाना दोन दिवसांवर. मी तुझ्याकडे आले आणि म्हटलं, मला ते हाड आण. तू म्हणालास, ‘गुआरिबा आता फक्त जसितारात आहेत, ताई, आणि तू तर नवी रखवालदार.’ मी म्हटलं, मला काही ऐकायचं नाही, आण.

तू आणलंस. चौथ्या दिवशी गस्तवाल्यांना धक्क्याजवळ बाकीची हाडं सापडली. सभेत त्यांनी विचारलं, कुणाचं काम? माझ्या अंगावर रखवालदाराचं नवंकोरं जाकीट होतं आणि सगळे माझ्याकडेच बघत होते. मी तुझं नाव घेतलं. तुझी बंदूक गेली, होडी गेली, लोक थुंकले. आणि तू माझ्या मांडीवरच्या पोरीकडे बघितलंस आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. एक शब्द बोलला असतास तर माझं जाकीट तिथंच उतरलं असतं. मी वाट बघत होते की तू बोलशील. तू बोलला नाहीस याचाच मला इतकी वर्षं राग आला, असा माझा स्वभाव.

वाटी माझ्याकडे आहे. फरीन्याच्या पिठाच्या डब्यात, तळाशी.

उद्या पिरारुकूची मोजणी सुरू होते. मी जाणार नाही म्हणून कळवलंय. माझ्या पोटात दुखतंय.

वाल्देनीरा


११ ऑक्टोबर

ओझियेल,

दिसले.

सतरा दिवस गेले त्यात. आधी काही दिवस नुसता चिखल, डास आणि माझीच पावलं. एलोईझाला बोलवायचं होतं, पण इकडे येणारा नदीचा फाटा आटलाय, प्रकल्पाची बोट तेफेला अडकून पडलीय, डिसेंबरपर्यंत यायची नाही. सिल्वेरियो काका घरी येऊन ओरडून गेले. माझ्यावाचून आमच्या गटाची मोजणी कच्ची पडली, श्वास घ्यायला वर आलेला मासा तोच की दुसरा हे ओळखणारं माणूस नव्हतं. ‘यंदा तुला हिश्श्याचा मासा नाही,’ म्हणाले. मी म्हटलं, नको. तर म्हणाले, ‘तुझ्या भावासारखं बोलायला लागलीस.’ मला बरं वाटलं.

अकराव्या दिवशी एका ठिकाणी रोपटी खुडलेली दिसली. बोटभर उंचीची, कोवळी, नुकती रुजलेली. उपटून, खालचा मऊ भाग खाऊन, पानं टाकून दिलेली. हे हरणाचं काम नाही, हाताने निवडलेलं होतं. मी तिथेच बसायचं ठरवलं. रोज पहाटे जाऊन त्याच ओंडक्यावर बसायचं, पोळी आणि सुका मासा खायचा, परत यायचं. आणि काल सकाळी मला वाटलं, कुणीतरी चिखलात धुणं वाळत टाकलंय. पांढरं पांढरं. मग त्यातल्या एकाने मान वर केली, लालभडक टक्कल.

ओझियेल, ते जमिनीवर चालतात. आपण माणसं सारा जन्म मान वर करून त्यांना शोधतो आणि ते खाली बसून बायकांनी भाजी निवडावी तसे कोंब निवडत असतात. तू हे दहा वर्षांचा असल्यापासून बघत होतास आणि कुणाला सांगितलं नाहीस. की सांगितलंस आणि आम्हीच ऐकलं नाही?

मी एकतीस मोजले. एकीच्या पाठीवर पिल्लू होतं, त्याचं तोंड अजून लाल झालेलं नव्हतं. एक म्हातारा माझ्यापासून दहा पावलांवर येऊन बसला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या बुटांकडे बघितलं, बराच वेळ. मग ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि सगळे निघून गेले.

मला वाटतं असं आहे. जसिताराची जमीन सगळ्यात उंच, पाणी उतरताना आधी उघडी पडते, म्हणून कोंब तिथे आधी फुटतात. म्हणजे ओंडक्यांसाठी झाडं तोडली तर बी पडणार नाही, बी नाही तर कोंब नाहीत. आणि पाणी चढलं की हे पलीकडच्या काठाला फळांवर जात असतील. बरोबर आहे का? तुला आणखी काय काय माहीत आहे? पिल्लं कधी होतात? झोपतात कुठे? बिस्किटाचा मोठा पुडा विकत घे आणि सगळं लिही.

आता अडचण एकच. बघणारी मी एकटी आहे. सभेपुढे फक्त माझा शब्द.

वाल्देनीरा


९ डिसेंबर

ओझियेल,

सभा झाली. सगळं क्रमाने सांगते, मध्ये पान उलटू नकोस.

देवळापुढच्या मांडवात पन्नासेक माणसं. मी जे पाहिलं ते सांगितलं. हशा झाला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘इंग्रज चिखलात उतरले, आता टोप्या घालून येतील.’ मला वाटलं संपलं सगळं. तेवढ्यात सिल्वेरियो काका उठले. मी भांडायला तयार झाले. तर ते म्हणाले, ‘हसू नका. मला ओंडके हवे होते, अजून हवे आहेत. पण वाल्देनीरा म्हणते पाहिले, तर पाहिले. जिने सख्ख्या भावाला पाठीशी घातलं नाही, ती माकडांसाठी खोटं बोलेल होय? जसितारा राखायचं, हात वर करा.’

हात वर व्हायला लागले. मला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. मी अर्ध्याहून जास्त हात मोजले. जसितारा वाचलं होतं, आणि ते तुझ्या नावावर थुंकून वाचलं होतं.

वाटी माझ्या खिशात होती. का घेऊन गेले होते ते मला विचारू नकोस, घरातून निघताना हात डब्यात गेला. मी उभी राहिले आणि म्हटलं, हात खाली घ्या आधी. वाटी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. म्हटलं, खोकला माझ्या मुलीला होता. हाड मी मागितलं. तिला त्यातून पाणी पाजून, वाटी धुऊन, ठेवून, मग मी जाकीट घातलं आणि सभेत येऊन भावाचं नाव घेतलं. इंग्रज जमिनीवर बघा हे सांगणाराही तोच आहे. आता माझ्या शब्दावर हात वर करायचे का ते ठरवा.

 जुसारा समोर बसली होती. तिला हे माहीत नव्हतं. ती उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, पण माझा हात धरला नाही.

मग झुमिरा आजी, वय नव्वद, बसल्या जागेवरून म्हणाली, ‘हाड आणायला मी सांगितलं होतं. मलाही लिहा वहीत.’ मागून एकाने विचारलं, ‘मग हिचं खरं कुठलं धरायचं? तेव्हाचं की आताचं?’ प्रश्न वाजवीच होता. सिल्वेरियो काकांनी वाटी उचलली, उलटी करून बघितली, परत ठेवली. शेवटी म्हणाले, ‘आता कुणाचाच शब्द नको. उद्या पहाटे सगळे चला.’

पन्नास माणसं, ओझियेल. चपला चिखलात रुतताहेत, पोरं रडताहेत, बायका एकमेकींना हाका मारताहेत. दोन तास गेले, एक पान हललं नाही. लोक माझ्याकडे बघायला लागले. सिल्वेरियो काका खाली वाकून काहीतरी शोधत होते. एक खुडलेलं रोपटं उचललं, त्याचा वास घेतला, बोटांनी दाबलं. म्हणाले, ‘ओलं आहे, आजचंच.’ मग वळून सगळ्यांवर खेकसले, ‘पिरारुकू मोजता ना? तसंच बसा. वीस मिनिटं, श्वाससुद्धा हळू. पाण्याऐवजी चिखल बघायचा, एवढाच फरक.’

आणि ते सगळ्यांना येतं. आपल्या लोकांना दुसरं काही येत नसेल, पण गप्प बसून एका जागी बघत राहणं येतं. पन्नास माणसं बसली आणि रान आम्हाला विसरलं. एकोणिसाव्या मिनिटाला ते आले.

कुणी सव्वीस मोजले, कुणी चौतीस. झुमिरा आजीला तिच्या नातवाने पाठीवर आणलं होतं, ती म्हणाली एकोणतीस, आणि आम्ही तेच धरलं. परत येताना कुणी हसलं नाही. सिल्वेरियो काका माझ्यापुढे चालत होते. मागे न बघता म्हणाले, ‘तो पोट दुखतं म्हणायचा ना गं?’ मी म्हटलं, हो काका.

जसितारा राहिलं. आता मोजणी दोनदा होणार, पाणी चढल्यावर होडीने आणि उतरल्यावर पायी. माझं जाकीट घेतलं, दोन वर्षं मिळणार नाही. ते योग्यच झालं. जुसारा माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी विचारलं, मामाला गाणं आवडतं का? मी सांगितलं, आवडायचं.

माझं चुकलं, ओझियेल. मला माफ कर, किंवा करू नकोस, पण मी ते सगळ्यांसमोर बोलले एवढं तुला कळायला हवं. बंदूक परत मिळायची नाही, ते मी विचारून बघितलं. होडी काकांच्या घरामागे पडलीय, बूड फुटलंय, पण लाकूड चांगलं आहे.

सभेच्या वहीत पाणी उतरल्यानंतरच्या मोजणीसाठी एक नाव लिहायचं होतं. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, मी तोंड उघडलं नव्हतं. ते पेन्सिलीने लिहून ठेवलंय. माणूस स्वतः येऊन सही करेल तेव्हाच शाई, असा नियम. मी म्हटलं, पेन्सिल पुसली जाईल. काका म्हणाले, ‘मग त्याला लवकर ये म्हणावं.’

मे महिन्यात पाणी पायऱ्यांना लागतं. त्याआधी ये. तू असेपर्यंत घरात मासा शिजणार नाही, जुसारालाही सांगून ठेवलंय.

तुझी ताई